मृगाला हळद

मामाजींनी लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहिलं, चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा नाकावर आणला आणि निकाल दिला, "जवाईबापू, हे तं कापसाचं बोंड आहे. फुटलेलं."

ते बोंड नव्हतं. तो मृग नक्षत्रातला तेजोमेघ होता, इथून सुमारे १३०० प्रकाशवर्षं दूर. तो उजेड तिकडून निघाला तेव्हा आपल्याकडे चालुक्यांचं राज्य होतं. एवढी पायपीट करून बिचारा बाभूळगाव तालुक्यात उतरला आणि इथे त्याची नोंद कापसात झाली. पण मामाजींचं तरी काय चुकलं? पडद्यावर पांढुरकं, मधे फुगलेलं, कडांनी तंतू सुटलेलं काहीतरी होतं. यवतमाळ जिल्ह्यात अशा वस्तूला दुसरं नाव नाही.

मी भूगोलाचा मास्तर. वीस वर्षं मुलांना सांगत आलोय की हा तेजोमेघ गुलाबी-तांबडा असतो, कारण पुस्तकात तसा छापलेला असतो. या हिवाळ्यात म्हटलं, आपणच काढून पाहू. कॅमेरा साळ्याचा. त्याने त्या कॅमेऱ्यावर दोन सीझन लग्नं केली (लोकांची), मग पोल्ट्री टाकली आणि कॅमेरा मोकळा झाला. शेत सासऱ्यांचं, म्हणजे मामाजींचं, बाभूळगावच्या पुढे. यवतमाळ शहरात हल्ली रात्र अशी होतच नाही. संध्याकाळच लांबते आणि तिची थेट सकाळ होते. शेतात निदान डोक्यावर तरी काळोख होता. राळेगाव-पांढरकवड्याकडे याहून काळं आकाश मिळतं, पण तिकडे ते पाहायला वाघही बाहेर पडलेले असतात. टिपेश्वरचा एक वाघ २०१९ साली तेराशे किलोमीटर हिंडून बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता. तो कुठे कुठे गेला हे कळलं, कारण त्याच्या गळ्यात ट्रॅकर होता. माझी सगळी अडचण तीच होती. माझ्याकडे ट्रॅकर नव्हता.

ताऱ्यांचा ट्रॅकर वेगळा. पृथ्वी फिरते, त्यामुळे तारे सरकतात, आणि कॅमेऱ्याचं झाकण जास्त वेळ उघडं ठेवलं की ताऱ्याची रेघ होते. ट्रॅकर कॅमेऱ्याला ताऱ्यांच्या मागे मागे फिरवतो. त्याची किंमत ऐकल्यावर मी पृथ्वीचं फिरणं मान्य करून टाकलं. १३५ मिलिमीटरच्या लेन्सने दोन सेकंदांपर्यंत तारे जागेवर राहतात. मग दोन-दोन सेकंदांचे १४४० फोटो काढायचे आणि संगणकात एकावर एक रचायचे. एकूण ४८ मिनिटं. शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या 'ज्योतिर्विलास' या जुन्या पुस्तकाचं दुसरं नाव 'रात्रीची दोन घटका मौज' असं आहे. घटका २४ मिनिटांची, म्हणजे दोन घटका बरोबर ४८ मिनिटं. मला हा शुभशकुन वाटला. मौजेचा भाग नंतर कळला.

आमच्या डोळ्यांना हा तेजोमेघ दुर्बिणीतूनही राखाडीच दिसतो, फार तर हिरवट. अंधारात काम करणाऱ्या डोळ्यातल्या पेशींना रंग कळत नाही, आणि ज्यांना कळतो त्या एवढ्या कमी उजेडात कामावर येत नाहीत. शिवाय डोळा साठवत नाही. तो रोजंदारीवर आहे; आलेला उजेड त्याच क्षणी खर्च. कॅमेरा म्हणजे बचत गट. दोन-दोन सेकंदांची वर्गणी, पण १४४० हप्ते भरले की बाई शिलाई मशीन घेऊ शकते.

रात्री साडेनऊला तिपाईवर कॅमेरा लावला तेव्हा मामाजी जागलीला निघाले होते. चण्यात रानडुकरं येतात.

"कशाचा फोटो काढून राहिले?"

"मृगाचा, मामाजी."

"मृग तं सात जूनले लागते. जानेवारीत कोणता मृग आणला तुम्ही?"

मी भूगोलाचा मास्तर जागा केला. जूनमध्ये सूर्य मृग नक्षत्रात असतो, म्हणून त्या दिवसांत ते नक्षत्र दिसत नाही. शेतकरी ज्याच्या नावाने आभाळाकडे डोळे लावून बसतो, तेच तेवढं त्या वेळी आभाळात दिसत नाही. आता हिवाळ्यात पाहा, ते चार पाय, तो पोटात शिरलेला तीन ताऱ्यांचा बाण, तो मागे लागलेला व्याध. बाणाच्या खाली जो धुरकट ठिपका आहे, त्याचा फोटो काढतोय.

मामाजींनी बराच वेळ वर पाहिलं. "म्हणजे पन्नास वर्षं मी ज्याची वाट पाह्यली, तो हा आहे?"

"हो."

"आता येऊन काय उपयोग," असं म्हणून ते काठी घेऊन गेले.

बाराव्या मिनिटाला लाइन आली. ज्यांचं पंपाच्या विजेशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी सांगतो: शेतीची वीज पाळीपाळीने मिळते, आणि पाळी रात्रीची असली की अख्खं शिवार रात्री जागं होतं. शेजारच्या धुऱ्यावर हॅलोजन लागला. मोटारी घुरघुरल्या. कोणीतरी बॅटरी मारत ओलितावर निघालं आणि तिपाईपाशी माणूस बसलेला पाहून आधी बॅटरी माझ्या तोंडावर, मग कॅमेऱ्याच्या तोंडावर मारली. "कोण हाय तिकडे?" मी सांगितलं, जवाई. त्याने "बरं बरं" म्हणून बॅटरी व्याधाकडे वळवली आणि मी काय पाहतोय ते पाहायला स्वतःही तिथेच बसला. असे पन्नासेक फोटो बाद झाले. ते भरून काढायला तेवढाच वेळ आणखी थंडी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सिरिल नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये १४४० फोटो घातले. लॅपटॉपचा पंखा चक्कीसारखा फिरू लागला. फोटोतली खसखस, जिला जाणकार नॉइज म्हणतात, ती फोटोंच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होते. १४४० चं वर्गमूळ सुमारे ३८. म्हणजे खसखस ३८ पटींनी कमी. संध्याकाळी निकाल आला, काळाकुट्ट. उजेड सगळा अंधाराच्या तळाशी बसलेला असतो. त्याला ताणून वर आणावं लागतं. मी ताणला. हौसेने ताणला. आणि त्यातून निघालं ते मामाजींचं बोंड.

हेन्री ड्रेपर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी या तेजोमेघाचा पहिला फोटो ३० सप्टेंबर १८८० ला काढला होता. त्यांनी ५१ मिनिटं घेतली आणि फोटो कृष्णधवल आला. माझा ४८ मिनिटांत कृष्णधवल आला. जवळपास दीडशे वर्षांत विज्ञानाने तीन मिनिटं वाचवली.

रंग गेला कुठे? गेला नव्हता, मी बुडवला होता. तयार फोटोतल्या प्रत्येक ठिपक्यापाशी लाल, हिरवा आणि निळा असे तीन हौद असतात. रंग म्हणजे त्या तीन हौदांतल्या पाण्याचा फरक. तिन्ही काठोकाठ भरून वाहायला लागले की फरक संपतो आणि सगळं पांढरं होतं. मी ताणताना तिन्ही हौद वाहवले होते. ताऱ्यांचंही तेच. अख्खा मृग मावावा म्हणून ५० मिलिमीटरच्या लेन्सने एक वेगळा फोटो घेतला होता, त्यात काक्षी आणि राजन्य हे दोन्ही तारे चुन्याच्या ठिपक्यांसारखे सारखेच पांढरे. प्रत्यक्षात काक्षीचा पृष्ठभाग साडेतीन हजार अंशांच्या आसपास, म्हणून तांबूस. राजन्य बारा हजारांच्या आसपास, म्हणून निळसर. बैलगाडीच्या चाकाची धाव तापवताना ज्याने लोहाराचा भाता पाहिलाय, त्याला लोखंड आधी लाल मग पिवळं होतं हे सांगावं लागत नाही. निळं होईपर्यंत मात्र कोणताच लोहार थांबत नाही.

मग थोडं थोडं ताणायला शिकलो. तिन्ही हौदांचं प्रमाण राखून ताणायची एक रीत आहे, तिने तारे रंगीत राहतात. या वेळी फोटो काळापांढरा नव्हता. पिवळा होता. दक्षिणेला यवतमाळ शहर, त्याच्या दिव्यांचा उजेड फोटोच्या खालच्या अंगाला हळदीसारखा चोपडलेला. तो काढायला रिकाम्या आकाशावर खुणा करून सॉफ्टवेअरला सांगायचं असतं की एवढं आमचं नाही, पुसून टाक. मी चार खुणा तेजोमेघावरच केल्या. सॉफ्टवेअरने इमानदारीने तेजोमेघ पुसला.

हळद उतरली आणि खालून हिरवा निघाला. गच्च हिरवा, जुलैतल्या सोयाबीनसारखा. यात आकाशाचा दोष नाही. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा अशी वाटणी असते, कारण माणसाच्या डोळ्याला हिरव्या उजेडातले बारकावे जास्त कळतात. हिरवा काढून टाकायला एक बटण आहे. मी दाबायच्या आधी घरातल्यांना विचारलं, कारण आपल्याकडे कोणताही रंग कमी-जास्त करण्याआधी आचारसंहिता लागलेली नाही ना हे पाहिलेलं बरं.

बटण दाबलं आणि तण गेलं. पण तणासोबत पीकही गेलं. तेजोमेघाच्या अगदी मधोमध एक खरा हिरवा असतो. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांना एका दुसऱ्या तेजोमेघाच्या वर्णपटात ही हिरवी रेघ पहिल्यांदा दिसली. पृथ्वीवरच्या कोणत्याच मूलद्रव्याशी ती जुळेना, म्हणून शास्त्रज्ञांनी नवीन मूलद्रव्य गृहीत धरलं आणि त्याचं नाव ठेवलं नेब्युलियम. मृगातल्या तेजोमेघाची ही मुख्य रेघ १८९१ च्या सुमारास आपल्या पुण्यातही तपासली गेली. कॉलेज ऑफ सायन्समध्ये कावसजी दादाभाई नेगामवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभारली होती, महाराजा तख्तसिंगजींच्या नावाची. हिरवी रेघ खरोखर कशाची, हे १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी सांगितलं: दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन. साधा प्राणवायू. फक्त इतका विरळ, की पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत तसा मिळत नव्हता. ज्या हिरव्यासाठी दिग्गजांनी त्रेसष्ट वर्षं डोकं खाजवलं, तो मी एका बटणात उपटला होता. निंदायला आलेल्या नवख्या बाईला मामी कायम म्हणतात, "हिरवं दिसलं का उपटलं, असं नसते माय." मी बटणाचा जोर अर्ध्यावर आणला.

आता प्रश्न पांढऱ्याचा. सगळे रंग बरोबर दिसायचे तर आधी पांढरं कोणतं ते ठरवावं लागतं. कॅमेऱ्यावाले याला व्हाइट बॅलन्स म्हणतात आणि त्यासाठी पांढरा कागद धरतात. यवतमाळात पांढऱ्याचा प्रश्न कागदावर सुटत नाही. इथे कापसाची गाडी जिनिंगच्या दारात उभी राहते आणि व्यापारी मूठभर कापूस उचलून उन्हात धरतो. आपल्याला सगळं पांढरंच दिसतं. त्याला त्यात पहिल्या वेचणीचा पांढरा दिसतो, पाऊस लागलेला पांढरा दिसतो, फरदडीचा पांढरा दिसतो, कवडीचा पिवळट पांढरा दिसतो, आणि प्रत्येक पांढऱ्याला तो वेगळा भाव सांगतो. मामाजींनी अशा पांढऱ्यांवरून जन्मभर हुज्जत घातली आहे. त्यामुळे मी जेव्हा म्हटलं की पांढरा तर पांढराच असतो, तेव्हा ते नुसते हसले. फार वाईट हसले.

सॉफ्टवेअरची पद्धत व्यापाऱ्यापेक्षा सरळ निघाली. युरोपच्या अवकाश संस्थेने २०१३ मध्ये गाया नावाचा उपग्रह सोडला. त्याने सुमारे १८० कोटी ताऱ्यांची जागा आणि तेज मोजून यादी केली. म्हणजे आकाशाचा सातबाराच. सॉफ्टवेअर आधी तुमच्या फोटोची मोजणी करतं, हद्दी कायम करतं, मग त्यातल्या एकेका ताऱ्याचा उतारा काढून पाहतं की याचा रंग दप्तरी कसा लागलाय आणि फोटोत कसा आलाय. फरक असेल तेवढी दुरुस्ती. तलाठ्याला भेटावं लागत नाही, तो साझ्यावर आहे की मीटिंगला गेलाय हे विचारावं लागत नाही. मामाजींना एवढीच एक गोष्ट खरोखर आश्चर्याची वाटली. १८० कोटी खातेदार आणि एकही फेरफार प्रलंबित नाही.

पण लाल येईना. पुस्तकातला तो गुलाबी-तांबडा. हा रंग हायड्रोजनचा, ६५६.३ नॅनोमीटरचा गडद लाल, तेजोमेघात सगळ्यात मुबलक. मग माझ्याच फोटोत तो आजाऱ्यासारखा फिका का? कारण कळलं तेव्हा साळ्याकडे पाहत राहिलो. कंपनीच सेन्सरपुढे एक गाळणी बसवते आणि ती गडद लालचा बराचसा भाग अडवते. का? तर माणसांचे चेहरे तांबूस येऊ नयेत म्हणून. म्हणजे हा कॅमेरा जन्मतःच लग्नासाठी बनवलेला होता. नवरी चांगली दिसावी म्हणून विश्वातल्या सगळ्यात विपुल मूलद्रव्याचा रंग कापलेला. काही शौकीन ती गाळणी काढून घेतात. मी साळ्याला विचारलं. तो म्हणाला, "भाऊजी, कॅमेरा तुमचाच आहे, पण खोलायचा नाही."

म्हणून जो लाल आला होता त्यालाच वर काढायचं ठरलं. सॅच्युरेशनचं, म्हणजे रंग गडद करायचं, बटण हाती आलं आणि इथे माझी सत्त्वपरीक्षा झाली. हे बटण तिखटासारखं आहे. पहिल्या चिमटीला चव येते, दुसरीला मजा येते, तिसरीपर्यंत जीभ बधिर झालेली असते आणि मग वाटतं अजून कमीच आहे. रात्री दीड वाजता मी फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. सकाळी मेव्हणीचं उत्तर होतं, "जिजू, पोळ्याचा बैल फार छान सजवला." खरोखर, जांभळी शिंगं, गेरूच्या वशिंडावर निळे ठिपके, फक्त घुंगरू नव्हते. तिच्या सासूबाईंनी नमस्काराचे सहा हात पाठवले होते.

आणि मग तो प्रश्न आला, जो येतोच: "खरंच असं दिसते का वर?"

यावर मी जरा चिडतो. हबल दुर्बिणीने १९९५ मध्ये गरुड तेजोमेघातले धुळीचे खांब टिपले. त्या प्रसिद्ध चित्रात हायड्रोजनचा लाल हिरवा दाखवलाय, गंधकाला लाल दिलाय, ऑक्सिजनला निळा. पण त्यांनी ते लिहून ठेवलंय, कोणता रंग कशाचा. आमच्याकडच्या लग्नाच्या अल्बममध्ये नवरीच्या आठ छटा उजळवतात, मागे स्वित्झर्लंड लावतात, आणि खाली काहीच लिहीत नाहीत. तिला कोणी विचारत नाही की खरंच अशी दिसते का. तिच्या सासरच्यांनाही पत्ता नसतो, चार दिवस.

बटण मी पुन्हा खाली आणलं. मधे किंचित हिरवट, भोवती फिका गुलाबी, कडांना करडी धूळ. शेजारच्या ताऱ्यांपैकी काही निळसर, काही पिवळसर. झगमगाट काही नाही. पण यात मी घातलेलं काही नव्हतं. होतं तेच वर काढलं होतं. मामाजींना दाखवला. त्यांनी लॅपटॉप उन्हाकडे फिरवला, जसा कापूस फिरवतात. बराच वेळ पाहिलं.

"आता बोंड नाही दिसत," ते म्हणाले. "आता काय आहे ते माहीत नाही. पण बोंड नाही."

एवढं प्रमाणपत्र पुष्कळ होतं. मी पेनड्राइव्ह घेऊन शहरातल्या एका फोटो स्टुडिओत गेलो. मोठी प्रिंट, फ्रेमसकट, शेतावरच्या खोलीत लावायला. काउंटरवरच्या भाऊंनी फोटो उघडला, मान तिरकी केली.

"लग्नाचं आहे का?"

"नाही. मृग नक्षत्र."

"बरं. थोडं गोरं करून देऊ?"

मी म्हटलं, अजिबात नाही. रंगाला हात लावायचा नाही, आहे तसाच छापा. दोनदा सांगितलं. त्यांनी दोनदा मान हलवली आणि पावतीवर लिहून घेतलं: 'मृग – १ नग – ग्लॉसी'.

तीन दिवसांनी फ्रेम घ्यायला गेलो. कागद सोडला. भाऊ खुशीत होते. "मशिनीवर थोडं ऑटो मारलं," ते म्हणाले, "त्याचे पैसे नाही लावले तुम्हाला."

मृग गोरा झाला होता. मधे हिरवट नाही, भोवती गुलाबी नाही, कडांची धूळ साफ. आता तो बाभूळगावच्या खोलीत कॅलेंडरशेजारी लावलाय, आणि शेतावर येणारा प्रत्येक जण मामाजींना विचारतो, या वर्षी बोंडं एवढी मोठी आली का.